मदत हवी आहे: आईबापांना साखर चारली, पण जाड झाली भलत्यांचीच मुलं

चिलटवाली
नमस्कार मंडळी. एमएस्सी प्राणिशास्त्र, शेवटचं सेमिस्टर. प्रोजेक्ट ड्रोसोफिलावर आहे (आंबा नासवणारी फळमाशी नव्हे, पिकल्या केळ्यांवर घोंगावतात ती चिलटं). आईबापांच्या खाण्याचा मुलांच्या चरबीवर परिणाम होतो का, एवढंच बघायचंय.

एका गटाच्या खाद्यात लिटरला ५१ ग्रॅम साखर, दुसऱ्याच्या ३४२. ढवळताना लॅबच्या मामांनी पातेल्यात डोकावून "गुलाबजाम कधी?" असं विचारलंही. नर-माद्या पाच दिवस त्यावर ठेवल्या, मग दोन्ही गट साध्या खाद्याच्या बाटल्यांत सोडले आणि दोन दिवसांनी आईबाप काढून टाकले. दहा-अकरा दिवसांनी पिल्लं निघाली. त्यांचं ट्रायग्लिसराइड (अंगात साठलेली चरबी) किटने मोजलं, वजनाने भागलं.

२०१३ च्या एका पेपरात जास्त साखर खाल्लेल्या माद्यांच्या पुढच्या दोन पिढ्यांत चयापचय बदललेलं दिसलं होतं. माझ्याकडे मात्र उलटंच. साध्या आईबापांचीच मुलं जास्त चरबीची! तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. सर म्हणतात किट खराब असेल. किट नवं आहे हो. सबमिशनला पाच आठवडे उरलेत.

जाता जाता: साध्या गटाच्या बाटल्यांत कोषांची नुसती जत्रा होती, साखरवाल्यांच्यात तुरळक. याने काही फरक पडतो का?

जुना_ब्रश
ताई, ही शेवटची ओळ सगळ्यात आधी लिहायची!

साखरेवरच्या माद्यांनी अंडी कमी घातली, त्यामुळे त्यांच्या अळ्यांना ऐसपैस जागा आणि पोटभर यीस्ट मिळालं. साध्या गटाच्या अळ्या दाटीवाटीत वाढल्या. दाटीतल्या माश्या आकाराने लहान निघतात आणि वजनाच्या मानाने चरबी जास्त धरतात. म्हणजे तुम्ही आईबापांचा आहार मोजलाच नाही, बाटलीतली गर्दी मोजलीत. किटला उगाच शिव्या बसल्या.

अंडी मोजून घालण्याला पर्याय नाही. अगरच्या (जेलीसारख्या थराच्या) प्लेटवर यीस्टची पेस्ट लावा, माद्यांना काही तास अंडी घालू द्या आणि ओल्या ब्रशने प्रत्येक व्हायलमध्ये (खाद्याच्या छोट्या नळीत) ५० उचलून ठेवा. मान दुखते, पण आकडे खरे येतात. आणि चरबी नुसत्या वजनाने भागू नका, दर माशीमागे किती तेही लिहा.

खाद्यात गूळ आहे का? असेल तर काढा. प्रत्येक ढेपेचा गोडवा वेगळा, मग ५१ ग्रॅमला अर्थ काय राहिला?

रात्रपाळी
ब्रशरावांशी सहमत. पण पाच आठवड्यांत आईचा नाद सोडा, फक्त बाप घ्या. आईचं खाणं अंड्यातल्या पोषणात उतरतं, शिवाय अंड्याच्या कवचावर तिच्याकडचे जिवाणू असतात आणि अळी ते खाते. त्यातलं नेमकं कशामुळे काय झालं हे उकलायला अंडी ब्लीचमध्ये धुवा वगैरे भानगडी आल्या. बाप जवळपास फक्त शुक्राणू देतो (थोडा वीर्यद्रव असतो, तो तुमच्या प्रोजेक्टपुरता बाजूला ठेवा).

जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या माक्स प्लांक संस्थेने २०१४ मध्ये हेच केलं होतं. नराला मीलनाआधी जेमतेम दोन दिवस वेगळा आहार दिला आणि मुलांच्या चरबीत फरक आला. त्यांनी तो डीएनए ज्यावर गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवरच्या खुणांशी जोडला. एक मेख आहे. मुलांनाही गोड खाद्य द्या, फरक तिथे उघडा पडतो. साध्या खाद्यावर बघत बसाल तर हाती काही लागणार नाही.

माद्या मात्र व्हर्जिनच हव्यात, म्हणजे आधी कुठल्याच नराशी मीलन न झालेल्या. सकाळी आठला बाटलीतल्या सगळ्या माश्या काढून टाकायच्या, कोष तसेच ठेवायचे. २५ अंशांवर दुपारी चारपर्यंत निघालेल्या माद्या चालतात, त्यानंतरच्या नाही. फिकट अंग आणि पोटात काळा ठिपका दिसला की ती मादी बिनधास्त उचला.

चिलटवाली
फ्रीजरमधले जुने नमुने आत्ताच काढून तोलले. साध्या गटाचे दहा नर साखरवाल्यांच्या दहांपेक्षा जवळजवळ पाव वजनाने कमी भरले. तीन महिने मी गर्दीच मोजत होते तर! आणि हो, गूळ होता. तोही कधी पिवळा, कधी काळा.

बापांचा प्रयोग सोमवारपासून लावते. सरांना सांगितलं, ते फक्त "हं" म्हणाले. सकाळी आठच्या आधी लॅबची किल्ली कुणाकडून मिळवायची, त्यासाठी वेगळा धागा काढावा लागणार बहुतेक.