मदत हवी आहे : गाडीला गिअर इंडिकेटर बसवायचाय, पण गिअरबॉक्समधून वायर एकच येते

मंडळी, राम राम. मी वाळूजला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. इलेक्ट्रिशियनचा आयटीआय झालाय, मल्टिमीटर रोज हातात असतो. गाडीच्या वायरिंगशी संबंध मात्र हॉर्न बदलण्यापुरताच आलेला.

गाडी आण्णांची. आण्णा गावाकडं, अंबाजोगाईजवळ. वीस वर्षं स्प्लेंडर चालवली. तिचे चारही गिअर पंजानं खाली दाबत टाकायचे, कमी करायचे तर टाचेनं. दिवाळीत मी माझी १५० सीसी त्यांना दिली. हिचे गिअर पाच, पहिला खाली आणि बाकीचे वर. म्हणजे टाच दाबली की गिअर वाढतो, पंजा दाबला की कमी होतो. सगळं उलटं! तिसऱ्यात इंजिन ओरडायला लागलं की आण्णा चौथ्यासाठी सवयीनं पंजा दाबतात आणि पडतो दुसरा. मागच्या महिन्यात परळीकडच्या घाटात उतरताना असंच झालं, मागं आई बसलेली. चाक घसरलं, पण पडले नाहीत. वर मला फोनवर म्हणतात, "गाडी धक्के द्यायलीय, गिअरबॉक्स दाखव कुणाला तरी." गिअरबॉक्स ठणठणीत आहे.

(मॉडेल मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की धागा कोणती कंपनी भारी यावर जातो. कार्ब्युरेटरवाली आहे, आरपीएमचा काटा आहे, स्पीड पुढच्या चाकाच्या सेन्सरवरून येतो.)

म्हटलं मीटरवर आकडा दिसला तर पाय टाकायच्या आधी नजर जाईल. "सगळ्या गाड्यांना बसतो" म्हणून एका दुकानदारानं किट गळ्यात मारला. आठ वायरी: लाल प्लसला, काळी अर्थला, एक न्यूट्रलची आणि पाच गिअरच्या पाच. डूम (हेडलाइटभोवतीचं कव्हर) खोलला, लाल वायर चावीनंतरच्या सप्लायला दिली, न्यूट्रलची हिरव्या दिव्याच्या वायरला. चावी फिरवली, एन आला. पहिला टाकला, आकडा गायब. दुसरा, तिसरा, सगळीकडं अंधारच. उरलेल्या वायरी कुठं जोडायच्या हे शोधताना लाल वायरीचं सोललेलं टोक चेसिसला लागलं आणि फ्यूज उडाला, ते वेगळंच.

नंतर डोक्यात प्रकाश पडला. किटला प्रत्येक गिअरची वेगळी वायर अर्थ झालेली हवी, आणि आमच्या गिअर ड्रमवर (गिअर बदलताना आत फिरतो तो गोल दांडा) स्विच फक्त न्यूट्रलचा. बाकीच्या गिअरची खबर बाहेर येतच नाही, तर दाखवणार काय? शिवाय तो लाल आकडा दुपारच्या उन्हात दिसत नाही. मी टोपीची सावली धरून वाकून बघत होतो. मे महिन्यात आण्णांनी काय करायचं?

दुसरा प्रकार आरपीएम आणि स्पीडच्या गुणोत्तरावरून गिअर ओळखतो. ते पटतं, कारण ४० च्या स्पीडला काटा पाचव्यात साधारण ३२००, चौथ्यात ३८००, तिसऱ्यात ४७०० दाखवतो. एवढा फरक कुठलंही सर्किट पकडेल. पण क्लच दाबला की इंजिनाचा आणि चाकाचा संबंध तुटला, आणि गाडी उभी असेल तर स्पीडच शून्य. आण्णा चौकात तिसऱ्यातच थांबतात आणि तिसऱ्यातच उचलायला बघतात. नेमकं तिथंच हे यंत्र मुकं.

भाचा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणतो, गिअरच्या दांड्याला खालीवर दोन मायक्रोस्विच लावू आणि न्यूट्रलपासून मोजत जाऊ. मला धास्ती अशी की पाय अर्धवट पडला, गिअर बसला नाही, तरी मोजणी पुढं सरकणार. मग चुकीचा आकडा दाखवणारा इंडिकेटर नसलेलाच बरा.

तर विचारायचं हे: न्यूट्रल स्विच काढून त्याच जागी पाचही गिअर दाखवणारा स्विच कुणी बसवलाय का? ड्रमच्या टोकाला संपर्काची पिन एकच असेल तर ते जमतं का? ऑइल गळतं का?

प्रतिसाद १:
भाऊ, डिस्प्ले राहू द्या. आधी वाकून बघा, गिअरचा पायदांडा थेट शाफ्टवर बसलाय की मध्ये जोडदांडी आहे. जोडदांडी असेल तर शाफ्टवरचा छोटा आर्म काढून उलट्या दिशेला लावा. दुसऱ्यापासून पुढचे सगळे पंजानं खाली पडतील, आण्णांच्या सवयीसारखे. पहिला मात्र टाचेनं टाकावा लागेल, न्यूट्रलवरून पंजा दाबला तर थेट दुसरा. तेवढं समजावून सांगा. अन् तोवर आईला मागं बसवू देऊ नका.

धागाकर्ता:
दादा, हे डोक्यातच आलं नव्हतं. आत्ताच आण्णांना फोन लावून टॉर्च धरून बघायला सांगितलं. दांडी नाही, थेट शाफ्टवर आहे म्हणाले. मग म्हणाले, "माझी स्प्लेंडर विकली का रे?" विकली नाही, इथं माझ्याकडं आहे, मीच तिच्यावर कंपनीत जातो. रविवारी ती घेऊन गावी निघतो. स्विचचा प्रश्न तरी कुणाला माहीत असेल तर सांगा, ही गाडी परत माझ्याकडं येणार आहे आणि उचकलेला डूम तसाच आहे.