मदत हवी आहे: तीन महिने माउथवॉश वापरूनही आईच्या तोंडाचा वास जात नाही

कोपरी_पूर्व:
आई ६८ वर्षांची. तीन महिने झाले, रोज दोनदा औषधी माउथवॉश चालू आहे, ब्रशही दोनदा. तरी वास आहेच. उलट समोरचे दात तपकिरी पडलेत आणि आमटीला चव लागत नाही म्हणते. बोलताना पदर तोंडावर धरते. मंगळवारच्या भजनाला जाणंही सोडलंय. यापेक्षा जालीम माउथवॉश कोणता? लवकर सांगा. ‘डॉक्टरला दाखवा’ एवढंच लिहू नका, दाखवून झालंय.

वाशी_सेक्टर९:
माउथवॉशमध्ये घटक कोणता? किती दिवसांसाठी दिला होता? शुगर आहे? गोळ्या कोणत्या? जीभ घासतात का? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

निवृत्त_नौपाडा:
पोट साफ नसणार. रात्री त्रिफळा, सकाळी तिळाच्या तेलाच्या गुळण्या. मी अकरा वर्षं करतोय, एक दात हललेला नाही.

पेट्रीडिश:
काका, तेलाच्या गुळण्यांनी तुम्हाला बरं वाटत असेल तर जरूर करा. पण तोंडाचा वास बहुतेक वेळा तोंडातच तयार होतो, पोटात नाही. त्रिफळ्याच्या नादात खरं कारण राहून जातं.

निवृत्त_नौपाडा:
आमच्या घरात तीन पिढ्यांचा अनुभव आहे. प्रयोगशाळेत बसून सगळं कळत नाही.

कोपरी_पूर्व:
वाद नको, प्लीज. क्लोरहेक्सिडिन ०.२ टक्के. दाढ काढली तेव्हा दहा दिवसांसाठी दिलं होतं, वास जाईना म्हणून आम्हीच चालू ठेवलं. शुगर नाही, बीपीची गोळी आहे. जीभ घासत नाही, ओकारी येते.

पेट्रीडिश:
मग दात तपकिरी होणं आणि चव जाणं या दोन्ही गोष्टी त्या औषधाच्याच. दहा दिवस सांगितलं होतं तर दहाच. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तोंडात जिवाणूंच्या ७०० हून अधिक जाती सापडल्या आहेत. सगळ्या एकाच माणसात नसतात, पण ज्या असतात त्या जागा धरून राहतात. दातावर वेगळ्या, हिरडीच्या फटीत वेगळ्या, जिभेच्या मुळाशी वेगळ्या. एकमेकींना चिकटून त्यांचा थर बनतो. लेव्हेनहुक या डच सूक्ष्मदर्शकवाल्याने १६८३ मध्ये दातांवरचा पांढरा थर भिंगाखाली पाहिला तेव्हा त्यात वळवळणारे जीव दिसले. पुढे त्याने व्हिनेगरने चूळ भरून पाहिली, तरी थरात जिवंत जीव सापडलेच. वरचे मेले, आतपर्यंत व्हिनेगर पोचलंच नाही. तुमचं माउथवॉशही तिथेच अडतंय. थर घासूनच काढावा लागतो.

खोलवर, हवा न लागणाऱ्या जागी राहणारे जिवाणू प्रथिनं कुजवतात, त्यातून गंधकाचे वायू सुटतात. वास तो. आणि जिभेवरचे काही जिवाणू आपल्या उपयोगाचे असतात. पालक-बीटातल्या नायट्रेटचं ते नायट्राइट करतात, त्याने रक्तवाहिन्या सैल राहायला मदत होते. क्लोरहेक्सिडिन त्यांनाही मारतं. निरोगी माणसांनी आठवडाभर वापरल्यावर रक्तदाब थोडा वाढल्याचं दिसलंय. आईंना बीपी आहे, म्हणून मुद्दाम सांगते. गोळी मात्र बंद करू नका.

जीभही घासायला हवी, पण जिभली (जीभ घासायची पट्टी) अगदी मागे नेऊ नका. मधून पुढे, हलक्या हाताने, श्वास सोडत. ओकारी कमी येईल.

दोन_पिल्लांची_आई:
लहान मुलांचंही लक्षात ठेवा. किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं ते महत्त्वाचं. दर वेळी जिवाणू आम्ल करतात, पीएच (आम्लतेचं माप, आम्ल वाढलं की आकडा उतरतो) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचं कवच विरघळायला लागतं, लाळेला ते सावरायला अर्धा-पाऊण तास लागतो. माझ्या मुलीच्या दोन दाढा दिवसभर बिस्किटं चघळून गेल्या.

घोडबंदरवाली:
ठाण्यात संध्याकाळी उशिरा उघडा असणारा दातांचा दवाखाना कोणाला माहीत आहे का? ऑफिसमधून सुटून ट्रॅफिकमधून पोचेपर्यंत आठ वाजतात.

वाशी_सेक्टर९:
काढलेल्या दाढेच्या जागी काय बसवलं? आधीचं काही आहे का तोंडात?

कोपरी_पूर्व:
कवळी आहे ना वरची, काढता येणारी. चार वर्षं झाली. रात्रीही काढत नाही. बाबांसमोर बोळकं दिसेल म्हणून लाजते.

वाशी_सेक्टर९:
अहो, हे पहिल्याच ओळीत लिहायचं! कवळीखाली लाळ पोचत नाही आणि झोपेत लाळ तशीही फार कमी सुटते. प्लास्टिकच्या बारीक छिद्रांत बुरशी आणि जिवाणू दोन्ही बसतात. माझ्या सासूबाईंचं हेच होतं, टाळू लालभडक झाली होती. रात्री काढून पाण्यात ठेवायची. आणि एकदा तपासून घ्या. ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने थेट नेरूळ, तिथे दंत महाविद्यालय आहे.

कोपरी_पूर्व:
आत्ताच आईकडून मागून घेतली. टाळूला लागते त्या बाजूवर नख फिरवलं तर पिवळट चिकट थर निघाला. वास अगदी तोच. टूथपेस्टने घासू का? गरम पाणी चालेल?

पेट्रीडिश:
दोन्ही नको. पेस्टने चरे पडतात आणि त्यात पुन्हा थर धरतो, गरम पाण्याने आकार बिघडतो. मऊ ब्रश, भांड्यांचा सौम्य लिक्विड साबण, साधं पाणी. खाली पातेलं किंवा टॉवेल ठेवून घासा, हातातून सुटली तर तडकते. टाळू लाल दिसतेय का?

कोपरी_पूर्व:
लाल आहे, हो. शनिवारी नेरूळला नेतो. कवळी स्टीलच्या वाटीत पाण्यात ठेवलीय. दिवा मालवल्यावरच झोपायच्या खोलीत येईन म्हणते.