जंपसीटवर बसणाऱ्या पायलटला गळ्यातलं कार्ड पुरेसं आहे का?

रामबागकर (इंदूर):
जंपसीट म्हणजे कॉकपिटमध्ये दोघा पायलटांच्या मागची जास्तीची खुर्ची. तपासनीस बसतो, कधी ड्यूटी संपवून घरी निघालेला पायलट बसतो. माझं म्हणणं असं की कार्ड आणि युनिफॉर्म बघून कोणालाही तिथे बसवू नये. हा माणूस आजच्या तारखेला त्या कंपनीत आहे का, हे कंपनीच्या नोंदीतून, फोटोसकट, दर वेळी पडताळायलाच हवं.

७ डिसेंबर १९८७ ला अमेरिकेत पीएसए या विमान कंपनीचं १७७१ नंबरचं विमान पडलं. कामावरून काढलेल्या एका कर्मचाऱ्याकडे कंपनीचं कार्ड तसंच राहिलं होतं. त्या जोरावर तो तपासणी टाळून रिव्हॉल्वर घेऊन चढला. त्याला काढणारा साहेब त्याच विमानात होता. ४३ माणसं गेली. कार्ड अस्सल होतं, नोकरी मात्र उरली नव्हती. नोकरी सुटली की कार्ड जमा करून घ्यायचा नियम त्यानंतर आला.

आपल्याकडेही दिल्ली विमानतळावर २०१९ मध्ये लुफ्तान्साचा आणि २०२४ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सचा पायलट बनून फिरणारे पकडले गेले. दोघेही पायलट नव्हते.

फ्लाइंगक्लबवाला:
काका, मी इंदूरच्या फ्लाइंग क्लबात शिकलो, आता एअरलाइनमध्ये आहे. तोतया पकडायला तुमचा उपाय चालेल. पण जंपसीटवरून खरोखर हल्ला केला कोणी? ७ एप्रिल १९९४, फेडेक्स या मालवाहू कंपनीचं ७०५ नंबरचं विमान. हातोडे घेऊन आलेला माणूस त्याच कंपनीचा फ्लाइट इंजिनिअर. २२ ऑक्टोबर २०२३, अमेरिकेतल्या हॉरायझन एअरचं विमान. जंपसीटवरच्या पायलटने डोक्यावरचे दोन्ही लाल फायर हँडल धरून ओढले. ते पूर्ण ओढले की इंजिनाचं इंधन बंद होतं. दोघा पायलटांनी त्याचे हात धरले, हँडल जागेवर बसवले, म्हणून विमान वाचलं. हल्ला करणारे दोघेही नोकरीत होते. तुमच्या कॉम्प्युटरने दोघांनाही ‘हो, आमचाच’ म्हटलं असतं.

आणि त्या खुर्चीचे उपकारही आठवा. २८ ऑक्टोबर २०१८ ला लायन एअरचं ७३७ मॅक्स बालीहून जकार्त्याला जाताना सारखं नाक खाली घालत होतं. जंपसीटवर बसलेल्या पायलटने ट्रिमची मोटर (शेपटाचा पंखा हलवून नाक वर-खाली करणारी) बंद करायला सुचवलं आणि विमान सुखरूप पोचलं. दुसऱ्या दिवशी तेच विमान समुद्रात कोसळलं, १८९ गेले. कागदपत्रांचा जाच इतका वाढवू नका की कॅप्टन सरसकट ‘नको’च म्हणायला लागतील.

टिळकनगरची:
दादा, फेडेक्सवाल्याची दुसऱ्याच दिवशी चौकशी होती, उड्डाणाचे तास खोटे दाखवल्याबद्दल. कंपनीला हे माहीत होतं! मग नोंदीत फक्त ‘नोकरीत आहे’ एवढंच का असावं? चौकशी चालू असेपर्यंत कॉकपिट बंद, असंही असायला हवं.

फ्लाइंगक्लबवाला:
ताई, चौकशी म्हणजे गुन्हा नव्हे. प्रत्येक तक्रारीवर असं केलंत तर लोक चुका लपवतील. मनाचा त्रास सांगितला तर लायसन्स जाईल, या धास्तीने आधीच कितीतरी पायलट तोंड उघडत नाहीत. कॅप्टनला माणूस समोर दिसतो, त्याच्याशी तो दोन शब्द बोलतो. त्याच्यावर भरवसा ठेवा.

हरणीवाले, बडोदा:
कॅप्टनवर भरवसा? फेब्रुवारी २०२३ मध्ये दुबई–दिल्ली विमानात पायलटने मैत्रिणीलाच कॉकपिटमध्ये बसवलं. डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, त्याचं लायसन्स ३ महिने निलंबित केलं, एअर इंडियाला ३० लाख दंड झाला.

रामबागकर:
जाच कसला? ११ सप्टेंबरनंतर अमेरिकेने दुसऱ्या कंपनीच्या पायलटांना जंपसीट बंदच केली होती. ती परत उघडली ती ‘कॅस’ नावाच्या यंत्रणेमुळे. गेटवरचा कर्मचारी पायलटची माहिती टाकतो, त्याच्या कंपनीच्या नोंदीतून फोटो आणि होकार किंवा नकार येतो. मग पायलट कॉकपिटच्या दाराशी जाऊन कॅप्टनची परवानगी मागतो. म्हणजे पडताळणीनेच ती खुर्ची पायलटांना परत मिळाली. ही यंत्रणा हवीच होती, कारण तिथल्या पायलट लायसन्सवर पायलटचा फोटोच नसतो, चित्र असतं राइट बंधूंचं.

फ्लाइंगक्लबवाला:
पण काका, आपल्याकडे बीसीएएसचा (विमानतळ सुरक्षेच्या सरकारी विभागाचा) एंट्री पास फोटोसकट, बायोमेट्रिक आहे की.

रामबागकर:
पास सांगतो तू कोण आहेस. काल सकाळी तुला काढलं असेल आणि पास अजून खिशात असेल, तर? १९८७ ला नेमकं हेच झालं.

फ्लाइंगक्लबवाला:
बरं, एवढ्यापुरतं मान्य. पण कॉम्प्युटरने ‘हो’ म्हटलं तरी कारण न देता ‘नाही’ म्हणायचा कॅप्टनचा हक्क लेखी ठेवा, आणि त्यावरून कंपनीने त्याला जाब विचारता कामा नये. हॉरायझनच्या त्या माणसाला कोणी अडवू शकलं असतं तर ते फक्त समोरासमोर बोलून.

रामबागकर:
तो हक्क हवाच, मी त्याच्या आड नाही. फक्त आधी गेटवर नोंद बघा, मग कॅप्टनच्या दारात पाठवा. ओळखीतला आहे म्हणून गेट वगळून थेट दारात, हे बंद व्हायला हवं.