रंग विटला, उडाला की तांबारला? (पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या केसांबद्दल)

कुर्लेकर: शाळेच्या प्रदर्शनासाठी पेंढा भरलेल्या प्राण्यांवर मराठी फलक लिहितेय. ‘कालांतराने केसांचा रंग विटतो’ असं लिहिलं, तर सहकारी म्हणाल्या की विटतात ते कपडे. मग ‘उडतो’ लिहू?

टाकबोरू: विटणे बिनधास्त लिहा. फोटो विटतो, पाटी विटते, जीवसुद्धा विटतो.

शिवडीकर: थांबा, सगळ्या कातड्यांचं एकच होत नाही. मी काही काळ नमुन्यांची कपाटं हाताळली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

केसांचा रंग मेलॅनिनचा. युमेलॅनिन काळं-तपकिरी, फिओमेलॅनिन पिवळं-तांबडं. काचेआड उभ्या केलेल्या प्राण्यावर वर्षानुवर्षं उजेड पडला की ही द्रव्यं मोडतात. अतिनील किरण त्यात सगळ्यांत वाईट. खिडकीकडची कूस फिकी आणि भिंतीकडची गडद असा दुरंगी प्राणी दिसला तर तो खुशाल विटला म्हणा. अशा नाजूक वस्तूंवर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड नको, असा दंडक आहे तो यासाठीच.

पण अभ्यासासाठीची कातडी उभी नसतात. आत कापूस, पायाला चिठ्ठी, आणि ड्रॉवरमध्ये आडवी. कायम अंधारात. तरी रंग पालटतोच. करड्या-काळ्या केसांवर तांबूस झाक चढते. इंग्रजीत ‘फॉक्सिंग’ म्हणतात, जुन्या कागदावरच्या तपकिरी डागांनाही तोच शब्द. मेलॅनिनचं ऑक्सिडेशन हे त्याचं कारण मानतात. इथे विटणे बसत नाही. मी ‘तांबारणे’ सुचवेन.

शिवाय कातडं नीट खरवडलं नसेल तर उरलेली चरबी खवट होऊन केसांत झिरपते. पांढरं पोट मग पिवळं *पडतं*.

दादरकरीण: तांबारतात ते डोळे, तेही जागरणाने! आमच्या कोळीवाड्यात उन्हात, खाऱ्या पाण्यात डुंबणाऱ्या पोरांचे केस भुरके होतात. ‘भुरकट’ का नको?

शिवडीकर: ताई, शब्द झकास आहे, पण तो पहिल्या प्रकाराला लावा. पोरांचे केस उन्हानेच भुरके होतात, द्रव्य तेच. अंधाऱ्या कपाटातल्या कातड्याला तो नको.

टाकबोरू: सहावीतल्या पोरांसाठी एवढी चिरफाड?

शिवडीकर: पोरांना नसेल लागत, वर्णन लिहिणाऱ्याला लागते. बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने) १९११ साली सस्तन प्राण्यांचं सर्वेक्षण सुरू केलं. त्या काळी उपप्रजाती ठरवताना केसांच्या रंगावर बरीच भिस्त असे. आपला शेकरूच घ्या. डांगच्या जंगलात त्याची ‘डीलबाटा’ नावाची उपप्रजाती होती, मुळातच फिक्या रंगाची. ती आता नामशेष झाली असं मानतात, म्हणजे पाहायला कातडीच उरली. त्यांच्या नोंदीत नुसतं ‘फिकट’ लिहिलं, तर वाचणाऱ्याला काय कळणार, प्राणी तसा होता की कातडं नंतर तसं झालं? जन्मजात तो फिका, नंतर झाला तो विटका. हा भेद मराठीत आयता मिळतोय, तर वापरा ना.

टाकबोरू: मान्य. फक्त छापताना ‘विटका’चा ‘विटकरी’ झाला तर बोंबला.

कुर्लेकर: विटलेला प्राणी पुन्हा रंगवतात का हो?

शिवडीकर: रंगवतात. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत उत्तर अमेरिकेतल्या सस्तन प्राण्यांचं दालन आहे, १९४२ सालचं. ते दुरुस्त करून २०१२ मध्ये पुन्हा उघडलं, तेव्हा विटलेल्या केसांवर नव्याने रंग चढवला होता. नेहमीचा ऑइलपेंट चालत नाही, केस चिकटून जटा होतात.

दादरकरीण: म्हणजे कलप! सरळ ‘कलप लावला’ लिहा, पोरं फलक वाचतील तरी.

कुर्लेकर: लिहितेच. पण ‘उतरणे’ राहिलं की. रंग उतरला असंही म्हणतो आपण.

शिवडीकर: वरून लावलेला रंग असेल तर. मोठ्या धनेशाच्या मानेवरचा पिवळा रंग शेपटीच्या बुडाशी असलेल्या ग्रंथीतल्या तेलाचा. पक्षी तो स्वतः पिसांना फासतो. मेल्यावर फासणार कोण? कातड्यावरची मान हळूहळू पांढरट होत जाते. तिथे ‘उतरला’ चपखल. फलकावर पक्षी नसतील तर सोडून द्या.