नेस्टेड इफच्या गुंत्यातून सुटायला डिसिजन टेबल वापरलंय का कुणी?

निळीशाई

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे पण वाचा प्लीज.

आमच्याकडे ग्राहकाने परत पाठवलेल्या वस्तूचं काय करायचं ते ठरवणारं एक फंक्शन आहे. चारशेच्या वर ओळी, इफच्या आत इफ सहा-सहा पातळ्या खोल, आणि गेल्या तीन वर्षांत ज्याला जो नवीन नियम मिळाला त्याने तो जिथे जागा दिसली तिथे घुसवलाय. खरं तर नियम चारच गोष्टींवर अवलंबून आहेत: ग्राहक सभासद आहे का, वस्तू मिळून किती दिवस झाले (० ते ७, ८ ते ३०, ३१ च्या पुढे), वस्तू सीलबंद आहे की उघडलेली की वापरून खराब झालेली, आणि परत करायचं कारण काय (मन बदललं, दोष निघाला, चुकीची वस्तू आली). उत्तरंही चारच: पैसे परत, वस्तू बदलून, नकार, नाहीतर मॅनेजरकडे पाठवा.

परवा एका सभासदाची दोष असलेली वस्तू बरोब्बर तिसाव्या दिवशी परत आली आणि सिस्टिमने चक्क नकार दिला. शोधायला माझा अख्खा दिवस गेला, तेव्हा कळलं की एका ठिकाणी तीसपेक्षा कमी लिहिलंय, दुसऱ्या ठिकाणी तीसपेक्षा जास्त, त्यामुळे तीस हा आकडा कुठेच बसत नाही आणि रिक्वेस्ट घरंगळत शेवटच्या एल्समध्ये (काहीच जुळलं नाही तर चालणाऱ्या भागात) जाते. त्या माणसाची काही चूक नव्हती हो, त्याचं फार वाईट वाटलं.

डिसिजन टेबलबद्दल वरवर वाचलंय. सुरुवात कुठून करायची? आणि त्यासाठी रूल इंजिन (नियम चालवणारं तयार सॉफ्टवेअर) घ्यावंच लागतं का?

रात्रपाळी

इंजिनचं आत्ता डोक्यातून काढून टाका, आधी कागद घ्या किंवा एक्सेल शीट उघडा.

तुमचे पर्याय २, ३, ३ आणि ३, म्हणजे गुणाकार ५४. तुमच्या सगळ्या जगात फक्त ५४ प्रकारच्या केसेस येऊ शकतात, चारशे ओळींच्या कोडमधून हे कधी दिसलं असतं का! आता प्रत्येक अटीला एक कॉलम, शेवटचा कॉलम उत्तराचा, आणि प्रत्येक नियम म्हणजे एक ओळ. जिथे एखाद्या अटीने फरक पडत नाही तिथे डॅश टाकायचा. म्हणजे असं:

सभासद | ८–३० | उघडलेली | दोष → बदलून द्या
– | ०–३० | – | चुकीची वस्तू → पैसे परत

दुसरी ओळ एकटीच १२ केसेस गिळते (ग्राहकाचे २ प्रकार, दिवसांचे २ गट, वस्तूच्या ३ अवस्था). तर प्रत्येक ओळीपुढे ती किती केसेस झाकते तो आकडा लिहा आणि शेवटी बेरीज करा. ५४ पेक्षा कमी आली तर कुठेतरी भोक राहिलंय, जास्त आली तर दोन ओळी एकमेकींवर चढल्यात. तुमचा तिसावा दिवस अशाच भोकात पडला होता. दिवसांचे गट एकदाच एका जागी ठरवा, तीस आत की बाहेर हे तिथेच लिहा, मग प्रत्येक इफमध्ये कमी-जास्तची चिन्हं पुन्हा पुन्हा लिहायची वेळच येत नाही.

सरळरेघ

रात्रपाळी, बेरजेची आयडिया मस्त आहे, मीही सुरुवातीला तेच करायचो, पण नुसत्या बेरजेवर विसंबू नका. समजा एक ओळ आहे "३१ च्या पुढे, बाकी सगळीकडे डॅश, नकार", ती १८ केसेस झाकते. नंतर कुणीतरी भर घातली, "सभासद, ३१ च्या पुढे, दोष, मॅनेजरकडे", या ३ केसेस आधीच्या १८ मध्ये होत्याच. आणि नेमक्या दुसरीकडे ३ केसेस राहून गेल्या असतील तर बेरीज बरोबर ५४ येते आणि टेबल दोन्हीकडून चुकलेलं असतं! त्यापेक्षा छोटी स्क्रिप्ट लिहा, ५४ च्या ५४ कॉम्बिनेशन्स तयार करा आणि प्रत्येकाला किती ओळी लागू पडतात ते मोजा. शून्य आलं तर भोक, दोन किंवा जास्त आलं तर टक्कर. वीसेक ओळींचं काम आहे, ते बिल्डमध्येच (कोड तयार होताना आपोआप चालणाऱ्या पायऱ्यांत) टाकून ठेवा म्हणजे टेबल बिघडलं की बिल्ड लाल होतो.

टक्कर झाली तर काय करायचं हे आधीच ठरवावं लागतं, याला हिट पॉलिसी म्हणतात. डीएमएन (डिसिजन मॉडेल अँड नोटेशन) म्हणून ओएमजी (ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप) या संस्थेचं डिसिजन टेबलांसाठी स्टँडर्ड आहे (१.० आवृत्ती २०१५ ची), त्यात यांची एकेका अक्षराने नावं आहेत. यू म्हणजे युनिक, कुठल्याही केसला एकच ओळ लागू पडली पाहिजे. ए म्हणजे एनी, अनेक लागल्या तरी चालतील पण सगळ्यांचं उत्तर तेच हवं. एफ म्हणजे फर्स्ट, वरून पहिली लागेल ती. सी म्हणजे कलेक्ट, लागू पडलेल्या सगळ्या ओळींची उत्तरं गोळा करायची, हवं तर बेरीज करायची, पॉइंट देण्यासारख्या कामात ही छान बसते.

तुम्ही युनिकच घ्या. फर्स्ट सोपी वाटते, सगळेजण तिकडेच जातात, पण मग ओळीचा अर्थ तिच्या वरच्या ओळींत काय लिहिलंय त्यावर ठरतो, एक ओळ वर-खाली झाली की निकाल बदलला, म्हणजे तुमचं इफ-एल्सच परत आलं, फक्त चौकटीत. खुद्द त्या स्टँडर्डमध्येही फर्स्ट ही चांगली पद्धत मानलेली नाही. वरची १८ वाली ओळ युनिकमध्ये फोडायची: इतर ग्राहकांच्या ९, सभासद आणि दोष ३, सभासद आणि बाकी कारणं ६. दोन ओळी वाढल्या पण आता प्रत्येक ओळ एकटी वाचली तरी खरी आहे.

जुनीवही

वरच्या दोघांशी सहमत, मी इंजिनच्या प्रश्नावर बोलतो. ५४ केसेससाठी काही नको. टेबल एका सीएसव्हीत (साध्या मजकुराच्या टेबल-फाइलमध्ये) ठेवा, कोडसोबत गिटमध्ये (जिथे प्रत्येक बदलाची नोंद राहते), वाचून लूप फिरवा, झालं. ड्रूल्स किंवा कामुंडासारखं इंजिन तेव्हा घ्या जेव्हा टेबलं डझनावारी होतील आणि एकाचं उत्तर दुसऱ्यात जायला लागेल.

एक मात्र मनापासून सांगतो, "बिझनेसवाले आता स्वतःच शीट बदलतील, डेव्हलपर लागणारच नाही" असं कुणी म्हणालं तर लगेच हो म्हणू नका. आधीच्या एका नोकरीत आम्ही तसं केलं होतं, शीट थेट प्रॉडक्शनला (ग्राहक वापरतात त्या चालू सिस्टिमला) जोडलेली. एका कॉलममध्ये "१-७" असं लिहिलेलं होतं, एक्सेलने त्याची गुपचूप तारीख करून टाकली, ती ओळ कुठल्याच केसला लागेना आणि दुपारपर्यंत कुणाला पत्ता नाही. तेव्हापासून मी रेंज कधीच एका सेलमध्ये लिहीत नाही, "पासून" आणि "पर्यंत" असे दोन कॉलम. त्यांनी शीट जरूर बदलावी, वाचायला आणि बोलायला तीच भाषा हवी, पण टेस्ट आणि रिव्ह्यू झाल्याशिवाय ती पुढे जाता कामा नये.

आणि टेबलवर लागू तारीख टाका. नियम आज बदलला तरी मागच्या महिन्यातल्या खरेदीला तेव्हाचाच नियम लागणार ना. प्रत्येक निर्णयासोबत टेबलची आवृत्ती आणि ओळ क्रमांक सेव्ह करा, म्हणजे ग्राहकाने "मला नकार का" विचारलं की सपोर्टवाला ओळ उघडून कारण सांगू शकतो, अंदाज बांधत बसत नाही. माझ्या मते टेबलचा सगळ्यात मोठा फायदा हाच.

(ही कल्पना नवी नाही बरं का, १९६० च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिकमध्ये टॅबसॉल नावाची टेबलांची भाषा होती. इतक्या जुन्या गोष्टीकडे आपण परत परत येतो, काहीतरी खरं असणारच तिच्यात.)

निळीशाई

सगळ्यांचे खूप खूप आभार, कालपासून तेच करतेय. एक शंका, पेमेंट कशाने केलं होतं तेही बघावं लागतं आम्हाला, त्याचे ४ प्रकार आहेत, मग ५४ चे २१६ होणार?

सरळरेघ

नका करू. पेमेंटच्या प्रकाराने पैसे परत द्यायचे की नाही हे बदलतं का? नसेल तर त्याचं वेगळं छोटं टेबल. पहिलं टेबल ठरवेल द्यायचे का, दुसरं चार ओळींचं, कशातून द्यायचे. ५४ आणि ४. टेबल रुंद व्हायला लागलं की आत दोन निर्णय चिकटलेत का ते आधी बघायचं. आणि एक, आधी हे मग ते मग थांबा अशा पायऱ्या असतील तर त्या टेबलमध्ये कोंबू नका, ते काम वर्कफ्लोचं.

निळीशाई

पटलं, दोन टेबलं केली. स्क्रिप्ट चालवली तर ५ भोकं आणि ३ टकरी निघाल्या, प्रिंट घेऊन बिझनेसच्या लोकांसमोर ठेवलं. टकरींवर त्यांचं आपापसातच जुंपलं, दोघीजणी इतके दिवस वेगवेगळा नियम खरा मानून चालल्या होत्या.

पण खरी गोष्ट डॅशमध्ये सापडली. रात्रपाळींची ती १२ केसेसवाली ओळ मी तशीच उचलली होती, स्क्रिप्ट म्हणाली सगळं ठीक. मीटिंगमध्ये एकीने विचारलं, "चुकीची वस्तू आली आणि ग्राहकाने ती महिनाभर वापरून खराब करून पाठवली, तरी पैसे परत?" सगळे गप्प. त्या डॅशखाली हा प्रश्न दबलेला होता. आता तिथे डॅश काढून ओळ फोडली, खराब झालेली असेल तर मॅनेजरकडे. म्हणून आता प्रत्येक डॅश उघडून त्याखालच्या केसेस त्यांना एकेक मोठ्याने वाचून दाखवतेय. अजून सात डॅश बाकी आहेत, सोमवारी बसणार आहोत.

रात्रपाळी

ती ओळ मी फक्त उदाहरणादाखल टाकली होती, विचारून टाकायला हवी होती, चूक माझी. बाकीचे सात झाले की इथे नक्की लिहा.