स्कीच्या कडेवर ग्राइंडर चालवला, निळा डाग पडला. कड वाचेल का?

पांढरी_वाट

नमस्कार मंडळी. घरात स्कीच्या चार जोड्या आणि मुलाचा एक स्नोबोर्ड आहे. तळाच्या पोलादी कडांना धार लावायचं काम पहिल्यापासून माझं. दहा वर्षं कानस आणि गाइड (कानस ठरलेल्या कोनात धरणारं साधन) घेऊन करत आले, पण यंदा उजवा खांदा साथ देत नाही. पाचही नग एका बैठकीत उरकत नाहीत. म्हणून परवा हातात मावणाऱ्या रोटरी टूलला छोटं घासायचं चाक लावलं आणि माझ्या स्कीच्या साइड एजवर, म्हणजे कडेच्या बाजूच्या अंगावर, नुसत्या हाताने, गाइडशिवाय चालवलं.

पहिल्या हातभर लांबीत झकास धार आल्यासारखं वाटलं. मग पायाखालच्या भागात, जिथे मागच्या हंगामात दगड लागला होता, तिथे जरा जास्त थांबले. ठिणग्या वाढल्या. उचलून बघते तर नखाएवढा निळा डाग आणि त्याच्या दोन्ही अंगांना पिवळसर झाक. शिवाय कडेवरून नख फिरवलं की लाटा लागतात, आणि बेसमध्ये (स्कीच्या तळात) कडेलगत बारीक करडे ठिपके रुतलेत.

ही माझी सगळ्यात लाडकी जोडी आहे, त्यामुळे रात्री झोप लागली नाही. डाग पडला तिथलं पोलाद कायमचं गेलं का? तेवढाच तुकडा बदलून मिळतो का? आणि मोटर वापरून हे काम नीट करायची काही रीत आहे का? माझे कोन बेसला १° आणि बाजूला २° आहेत.

कानस_आणि_मेण

ताई, थांबलात हे फार चांगलं केलं. मी काही हंगाम ट्यूनिंगच्या टेबलावर काम केलंय. असे निळे डाग घेऊन बरेच जण यायचे आणि त्यातल्या बहुतेकांच्या स्की पुढेही चालल्या.

आधी डागाबद्दल. कडेचं पोलाद पाणी चढवलेलं (तापवून, थंड करून कडक केलेलं) असतं, म्हणून ते धार धरतं. तापलं की ते पाणी उतरतं. पिवळसर झाक साधारण २२०-२३० अंश सेल्सिअसला येते, निळा रंग ३०० च्या आसपास. म्हणजे तुमच्या डागाखालचं पोलाद थोडं मऊ पडलंय. किती खोलवर, ते कानसच सांगेल. गाइडमध्ये बारीक कानस बसवून डागावरून अगदी हलका हात फिरवा. दोन-चार हातांत रंग निघून गेला आणि कानस शेजारच्या भागासारखीच चावायला लागली, तर नुकसान वरवरचं आहे. रंग गेल्यावरही तिथे कानस लोण्यात शिरल्यासारखी जात असेल, तर तो भाग इतरांपेक्षा लवकर बोथट होईल. पण म्हणून स्की टाकून द्यायची नाही. तिथे धार जरा वारंवार काढायची, एवढंच.

उलटंही होऊ शकतं. दगड लागलेल्या जागी कानस घसरते, काचेवरून गेल्यासारखी. दगडाच्या घर्षणाने पोलाद क्षणभर खूप तापतं आणि लगेच थंड होतं, त्यामुळे तेवढा ठिपका कानसेहून कडक होतो. मला वाटतं तुमची चूक तिथेच सुरू झाली. चाक पुढे जाईना म्हणून तुम्ही थांबलात. अशा जागी आधी डायमंड स्टोन, १०० किंवा २०० ग्रिटचा, ओला करून, लहान हातांनी. कडक कातडी निघाली की मगच कानस. हा क्रम चुकला तर कानसेचे दात जातात आणि चांगली कानस एका संध्याकाळी वाया जाते.

दुसरं, चिकटकाम तपासा. बेस पॉलिएथिलिनचा असतो, तो १३० अंशांच्या थोडं पुढे वितळतो, आणि कड धरून ठेवणारा इपॉक्सी त्याच्याही आधी ढिला पडायला लागू शकतो. डागाजवळ कड आणि बेस यांच्या सांध्यावर नख फिरवा, दोन्ही बाजूंनी हलकं दाबून बघा. फट नसेल, काही हलत नसेल, तर निश्चिंत व्हा. फट असेल तर पाणी शिरायच्या आत दुरुस्तीला द्या.

ते करडे ठिपके म्हणजे ठिणग्या. गरम पोलादाचे कण बेसमध्ये वितळून बसलेत. पॉलिश पेपरने घासू नका, आणखी आत जातील. धारदार पात्याच्या टोकाने एकेक उकरून काढा, मग मऊ मेण गरम ओतून कोमट असतानाच खरवडा. उरलेसुरले कण मेणाबरोबर येतात.

आणि लाटा. हा खरा मुद्दा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कडेची रुंदी साधारण २ मिलिमीटर. त्या २ मिलिमीटरवर १° चा उतार म्हणजे फक्त ०.०३५ मिलिमीटरचा फरक, केसाच्या जाडीच्या निम्मा. कितीही सराव असू द्या, नुसत्या हाताने मनगट तेवढं स्थिर राहत नाही. तुमचा २° कुठे ४° झाला असेल, कुठे शून्य. स्की मग एका वळणात पकडते आणि पुढच्या वळणात सुटते, आणि माणूस स्वतःच्या तंत्राला दोष देत बसतो. मोटरने ही चूक फक्त भराभर होते.

उपाय सोपा आहे, वेळ मात्र लागतो. कडेवर पर्मनंट मार्कर ओढा. गाइड २° ला लावा, एकच हात मारा. जिथे शाई उरली तिथे खळगा. पुन्हा शाई, पुन्हा हात. सगळी शाई जाईपर्यंत घासत बसू नका. एखाददुसरा खळगा राहू द्या, तो पुढच्या धारेला आपोआप भरून येतो. कड मोजकीच असते ताई, उगाच खर्च करू नका.

बेस एजला, म्हणजे कडेच्या तळाकडच्या अंगाला, मात्र हात लावू नका. बाजूची कड घासली की दर वेळी नवी धार मिळते. बेसकडून घासलं की कोन वाढतच जातो, आणि तो मागे आणायचा तर अख्खा बेस दगडावर घासून सपाट करावा लागतो. तिथे फक्त बारीक डायमंडचा एखादा हात, लव (घासताना धारेवर उरणारी धातूची बारीक कोर) काढण्यापुरता.

एकफळी

वरच्या दादांशी जवळजवळ सगळ्यात सहमत, पण मोटरवर सरसकट काट मारू नये असं मला मनापासून वाटतं. मी स्नोबोर्डवाला. काही वर्षांपूर्वी बेल्ट सँडर उलटा बांधून त्यावर बोर्डाची कड धरली होती. कड गेलीच, शिवाय टोकाजवळ साइडवॉलही (कडेच्या वरची प्लास्टिकची बाजू) खाल्ली गेली. त्या बोर्डावर माझा फार जीव होता, म्हणून अजून लागतं.

आता मी कडांसाठीच बनवलेलं इलेक्ट्रिक यंत्र वापरतो. स्विक्सचं इव्हो त्याच प्रकारातलं. त्यात घासणारी चकती कोनाला पक्की असते आणि चाकं बेसवर टेकून धावतात, त्यामुळे कोन हात ठरवत नाही, यंत्र ठरवतं. साध्या ॲंगल ग्राइंडरशी याची तुलनाच नको. ११५ मिलिमीटरची चकती मिनिटाला ११,००० फेऱ्यांनी फिरते तेव्हा तिची कड सेकंदाला ६६ मीटर धावते. तिथे पाण्याचा थेंब नाही, आधार नाही, आणि समोर २ मिलिमीटरची पट्टी. दुकानातली मोठी यंत्रं पाण्याखाली घासतात ती याच कारणाने.

माझे नियम: आधी डायमंडने ठोकरी काढायच्या. यंत्र कडेवर टेकवायच्या आधी सरकायला लागायचं आणि उचलल्यानंतर थांबायचं. दाब शून्य, यंत्राचं वजन पुरे. दोन फेऱ्यांनंतर बोट लावून बघायचं, कड कोमट लागली तरी विश्रांती. शेवटी गमी स्टोनने (रबरासारख्या घासायच्या दगडाने) लव काढायची. डोळ्यांना चष्मा आणि मेण काढायचं द्रावण खोलीबाहेर, ठिणग्यांशेजारी ते नको.

जुनी_लाकडी

तुकडा बदलण्याबद्दल विचारलंत म्हणून लिहितो. पूर्वी ते खरंच शक्य होतं. झाल्सबुर्गचे गिर्यारोहक रुडॉल्फ लेटनर यांनी १९२६ मध्ये पोलादी कडांचं पेटंट घेतलं. त्या कडा लहान लहान तुकड्यांच्या होत्या आणि लाकडी स्कीला स्क्रूने बसवत. तुकडा सैल झाला, तुटला की तेवढाच काढून दुसरा लावायचा. माझ्याकडे अशी एक जोडी भिंतीवर आहे, स्क्रूंची डोकी मोजता येतात.

आताची कड सहसा अखंड पट्टी असते. तिला आतल्या बाजूला दात असतात, ते बेसच्या वर, थरांमध्ये चिकटवलेले. मधला तुकडा बदलायचा म्हणजे बेस कापून, जुना काढून, नवा इपॉक्सीने बसवणं. कड तुटली असेल तर ते करावं. निळ्या डागासाठी नको.

पांढरी_वाट

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी बसले. निळा रंग पाचव्या हाताला गेला. त्या जागी कानस शेजारच्यापेक्षा किंचित जास्त चावते, पण फार नाही. सांध्याला फट नाही. ठिपके उकरायला मात्र तासभर गेला.

मार्करने सगळं उघडं पाडलं. पहिल्या हाताला शाई पट्ट्यापट्ट्यांनी उरली, वाघाच्या पाठीसारखी. सहा वेळा मार्कर लावला, आता तीन ठिकाणी बोटभर शाई उरते. इथेच थांबू ना? आणि खांद्याचं काय करू, ते सांगा. यंत्र घ्यायचं ठरलं तरी या जोडीवर मला आता मोटर लावायची हिंमत नाही.

कानस_आणि_मेण

थांबा. त्या तीन जागा तशाच राहू द्या. मऊ भागावर ४०० ग्रिटच्या डायमंडचे दोन-तीन हात मारून धार घट्ट करून घ्या. मऊ पोलादाला लव जास्त येते, ती गमीने नीट काढा, नाहीतर पहिल्याच उतारावर लव दुमडून धार जाईल.

खांद्यासाठी तीन गोष्टी माझ्या उपयोगी पडल्या. स्की पकडणारी व्हाइस कोपराच्या उंचीच्या थोडी खाली हवी. बहुतेक जण ती फार उंच लावतात आणि खांदा वर चढतो. दुसरं, ढकलण्याऐवजी ओढा, कानसेचे दात त्या दिशेला येतील अशी फिरवून बसवा, आणि हात न हलवता पावलांनी मागे सरका. तिसरं, साइडवॉलचं प्लास्टिक कडेच्या मागे रंध्याने आधीच खरवडून घ्या. कानस प्लास्टिकवर रुतली की आपण जोर लावतो, आणि खांदा तिथेच जातो. पोलाद एकटं समोर असेल तर कानसेला जोर लागतच नाही. स्कीचे ब्रेक रबरबँडने वर बांधायला विसरू नका, म्हणजे कानसेच्या आड येणार नाहीत.

पाचही नग एका दिवशी करायचा अट्टहास सोडा. दर वेळी बर्फावरून आल्यावर कड पुसून कोरडी करा आणि बारीक डायमंडचे दोन हात मारा, पाच मिनिटांचं काम. मग कानस महिनोन्महिने लागत नाही. ड्रिलला मात्र कामाला लावा: फिरता नायलॉन ब्रश बसवा आणि मेण खरवडल्यावर बेस त्याने ब्रश करा. खांद्याचं अर्धं दुखणं ब्रश मारण्यातच असतं.

पांढरी_वाट

व्हाइस चार बोटं खाली घेतली. फरक पहिल्याच हाताला कळला. साइडवॉल खरवडायची मला सुचलीच नव्हती, इतकी वर्षं मी प्लास्टिकच कापत होते बहुतेक. उजवी स्की झाली, धार बघायला कडेवर नख ओढलं की नखाची साल दोन्ही टोकांपर्यंत सारखी निघते. डावीला मार्कर लावून ठेवलाय, जेवण झालं की सुरू करते. मुलाच्या बोर्डाला बहुधा एकफळी म्हणतात तसं यंत्र घेऊ, पण आधी त्याला डायमंड धरायला शिकवते.