मिशिगनचा उत्तर भाग
अमेरिकेतील मिशिगन राज्याचा उत्तरेकडचा द्वीपकल्पीय भाग जमिनीने शेजारच्या विस्कॉन्सिन राज्याला जोडलेला असूनही मिशिगनमध्ये कसा, या प्रश्नाचे उत्तर एका जुन्या सीमावादात आहे. टोलेडो शहराभोवतीच्या चिंचोळ्या पट्ट्यावर शेजारचे ओहायो राज्य आणि मिशिगन दोघांनीही हक्क सांगितला आणि १८३५ मध्ये प्रकरण सशस्त्र तुकड्या उभ्या करण्यापर्यंत गेले. अखेर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, टोलेडो ओहायोकडे ठेवून भरपाई म्हणून मिशिगनला उत्तरेचा हा मुलूख देऊ केला आणि राज्याचा दर्जा त्या अटीला बांधला. ती नाराजीनेच मान्य झाली व २६ जानेवारी १८३७ रोजी (तारीख आपल्याला सहज लक्षात राहील) मिशिगन सव्विसावे राज्य ठरले. पुढे त्याच मुलखात तांब्या-लोखंडाच्या मोठ्या खाणी निघाल्याने सौदा तोट्याचा झाला असे म्हणवत नाही. मिशिगनचे उत्तर आणि दक्षिण असे दोन्ही भाग पुलाने जोडले जायला मात्र १९५७ साल उजाडले.